साडेसातची लिंक

विद्यापीठाचं परिपत्रक आमच्या कॉलेजात आलं की आधी माझ्या टेबलावर येतं. यवतमाळ जिल्ह्यातलं हे खेड्यातलं कॉलेज. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेची (रासेयोची) कार्यक्रम अधिकारीही आहे. त्या सप्टेंबरात आलेल्या परिपत्रकात पुढच्या तीन महिन्यांचे आभासी कार्यक्रम दिले होते. 24 सप्टेंबरला रासेयो दिन, मग ऑनलाइन व्याख्यानं, प्रश्नमंजुषा, पोस्टर स्पर्धा. त्यातच एक ओळ होती: दत्तक गावातल्या शेतकऱ्यांचा कापसावरची कीड आणि सुरक्षित फवारणी या विषयावर तज्ज्ञांशी संवाद. दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला, वेळ सकाळी अकरा.

आमची एक स्वयंसेविका त्याच दत्तक गावची आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. ती परिपत्रक वाचून म्हणाली, "मॅडम, अकराले कोन येईन जी? समदं गाव वावरात रायते तवा."

तिचं खरं होतं. अकरा वाजता गावात सापडणार म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया आणि अंगणवाडी. फवारणीबद्दल बोलायचं आणि ज्याच्या पाठीवर पंप आहे तोच समोर नसायचा, तर कार्यक्रम कोणासाठी? मी विद्यापीठातल्या समन्वयकांना फोन करून संध्याकाळी साडेसातची वेळ मागितली. तज्ज्ञांना विचारून त्यांनी दुसऱ्याच दिवशी होकार कळवला. शिवाय वैद्यकीय अधिकारी असलेल्या एका डॉक्टरांनाही जोडून घेतलं. दिवसा त्यांची ओपीडी असते, वेळ सकाळचीच राहिली असती तर ते आलेच नसते.

या विषयाची मला एवढी तळमळ का, ते सांगायला हवं. 2017 च्या खरीप हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो माणसांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण गेले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. फवारा वर धरावा लागायचा आणि औषध अंगावर, तोंडावर परत यायचं. उकाडा होता, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारायची सवय होती. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही कहर केला. त्यानंतर पत्रकं निघाली, किट वाटली गेली. तरी आजही गावात फिरलं की उघड्या अंगाने, तोंडाला दुपट्टा बांधून फवारणारा माणूस दिसतो. गमछा ओला झाला की औषध त्यातच मुरतं आणि दिवसभर नाकातोंडाशी राहतं.

गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ नीट मिळते, म्हणून बैठक तिथेच उघड्यावर घ्यायची ठरली. पडद्याला पांढरी चादर आणि प्रोजेक्टर कॉलेजचा. माईक आणि भोंगा गुरुदेव सेवा मंडळाने दिला. मंडळाच्या वडीलधाऱ्या माणसाने एक गोष्ट स्वतःहून सुचवली: सायंकाळची सामुदायिक प्रार्थनाही त्या दिवशी टाकीजवळच घेऊ, म्हणजे माणसं उठून घरी जाणार नाहीत. माणसं बसती राहिली ती त्यामुळेच. खंजिरी खाली ठेवली गेली आणि त्याच सतरंजीवर आमचा कार्यक्रम सुरू झाला.

दुपारी मुलांनी एक काम केलं होतं. तज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं होतं की वेगवेगळ्या वावरांतून, प्रत्येकी वीस झाडांवरून एकेक असं वीस हिरवं बोंड आणा. न फुटलेलं, मध्यम आकाराचं, हाताला लागेल ते, निवडून नाही. प्रत्येक वावराची पिशवी वेगळी. सरांनी पीपीटीची दोनच पानं दाखवली आणि म्हणाले, "आता बोंडं फोडा, मला कॅमेऱ्यात दिसू द्या."

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. एका काकूंनी मांडीवर पाट घेतला, घरून आणलेल्या चाकूने बोंड मधोमध कापलं आणि कप्पे बोटांनी उकलले. आमची स्वयंसेविका मोबाईल अगदी जवळ धरून होती. चादरीवर ते बोंड पातेल्याएवढं दिसत होतं. बाहेरून हिरवंगार, तुकतुकीत, कुठे छिद्र नाही. आत एका कप्प्यातला कापूस पिवळट पडून चिकटलेला आणि सरकी पोखरून त्यात बसलेली गुलाबी पट्ट्यांची अळी. उजेड पडताच ती वळवळली. लोक सरसावून पुढे आले. अळी अगदी बारीक असतानाच बोंडात शिरते आणि तिने पाडलेलं छिद्र भरून येतं. म्हणून वरून पाहून काही कळत नाही, आणि ती आत गेल्यावर वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. हे मी वर्गात किती वेळा फळ्यावर काढून सांगितलं असेल. पण त्या रात्री काकूंच्या पाटावर ते ज्याला त्याला आपल्या डोळ्यांनी दिसलं.

पहिल्या पिशवीत वीसपैकी पाच बोंडं अळीची निघाली. दुसऱ्या पिशवीत एकच. सरांनी हिशेब सांगितला: वीसमध्ये दोन म्हणजे दहा टक्के, ती नुकसानीची पातळी. मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणाऱ्या कामगंध सापळ्याचंही तसंच, एका सापळ्यात रोज आठ पतंग असे लागोपाठ तीन रात्री सापडले की औषधाचा विचार करायचा. पहिल्या वावरासाठी त्यांनी उपाय सांगितला, एकच औषध, लेबलवर आहे तेवढंच, दुसरं काही न मिसळता. दुसऱ्या वावराच्या मालकाला म्हणाले, "भाऊ, तुम्ही या आठवड्यात फवारू नका. सापळे लावा, आठ दिवसांनी परत वीस बोंडं फोडा."

मालक म्हणाला, "सर, औषध तं आनून ठेवलं. मानूसबी सांगून ठेवला उद्याचा."

तेवढ्यात मागून आवाज आला, "तो मानूस मी होय."

चाळिशीचा एक गडी मागे टाकीला टेकून उभा होता. बसा म्हटलं तरी बसला नव्हता. तो म्हणाला, "साहेब, फवारा नोका मारू म्हनता, बराबर हाय तुमचं. मंग माह्या उद्याच्या रोजीचं काय?"

कोणी बोललं नाही. आमच्याकडे फवारणीची मजुरी बहुधा पंपामागे मिळते. जितके पंप मारले तितके पैसे, म्हणून माणूस दुपारच्या उन्हातही थांबत नाही, हातमोजे घालून वेळ घालवत नाही, नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकून मोकळा होतो. फवारणी कमी करा म्हणणं शेतकऱ्याच्या फायद्याचं आणि मजुराच्या जिवाच्याही भल्याचं. पण त्याची रोजी त्यातूनच बुडते. आमच्या कुठल्याच परिपत्रकात हा प्रश्न नव्हता. सर प्रामाणिकपणे म्हणाले, "याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही भाऊ. जरा पुढे या, तुमच्याशी बोलू."

तो पुढे आला आणि प्रोजेक्टरच्या उजेडात उभा राहिला. सरांच्या आधी डॉक्टरच बोलले. "दादा, तुम्ही डोळे सारखे का चोळता आहात?"

"आज दिवसभर फवारा मारला जी. सांच्याले चुरचुरते असंच, धुकं आल्यावानी दिसते. झोपलं का बरं वाटते."

डॉक्टरांनी आवाज न चढवता एकेक विचारलं. मळमळ? होती. तोंडाला पाणी सुटतं? दुपारपासून. घाम तर आम्हालाही दिसत होता, हवेत गारवा असून शर्ट पाठीला चिकटलेला. मग ते आमच्या मुलीला म्हणाले, "ताई, मोबाईलच्या टॉर्चने त्यांच्या डोळ्याची बाहुली बघ आणि सांग केवढी आहे." तिने पाहिलं. "सर, एकदम बारीक. टाचनीच्या टोकाएवढी."

डॉक्टर लगेच म्हणाले, "आत्ता दवाखान्यात न्या. झोपायला घरी पाठवू नका."

त्यांनी पुढे जे सांगितलं ते सगळ्यांना ठाऊक असावं, म्हणून जसंच्या तसं देते. अंगावरचे कपडे काढा, औषध त्यात मुरलेलं असतं. साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, केसांसकट. धुणाऱ्याने हातात मोजे घालावे, नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. दूध, तूप, लिंबूपाणी काही पाजू नका. ज्या औषधाने फवारलं त्याची बाटली आणि सोबतचं माहितीपत्रक डॉक्टरकडे न्या, त्यावर औषधाचा घटक आणि उतारा लिहिलेला असतो. 108 ला फोन करा, गाडी यायला उशीर लागत असेल तर गावातली गाडी काढा.

टाकीचा नळ समोरच होता. दोघातिघांनी तिथेच त्याला आंघोळ घातली. त्याची बायको बाटल्या आणायला धावली आणि दोन घेऊन आली, एकीवर पिवळा त्रिकोण, दुसरीवर निळा. त्याने दोन्ही एकाच पंपात कालवून मारल्या होत्या. लाल त्रिकोण सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, हे त्या बाईला कोणी कधी सांगितलं नव्हतं. घरी बाटल्या चुलीजवळच्या कोनाड्यात होत्या.

गावातल्या एकाने गाडी काढली, त्या गड्यासोबत मी बसले. कार्यक्रम मुलांच्या हाती सोडून निघाले. वाटेत त्याला एकदा उलटी झाली आणि तो बायकोला म्हणत राहिला, "काई नाई वं, उद्या वावरात जानं हाय." ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आधी बाटल्या पाहिल्या, मग डोळे, आणि अॅट्रोपिन हा उतारा सुरू केला. रात्रभर ते थोड्या थोड्या वेळाने येऊन छाती ऐकत होते, नाडी पाहत होते. त्याच्या बायकोने माझा हात धरला होता तो सोडलाच नाही. ती रात्र झोपून काढली असती तर श्वासाला जड गेलं असतं, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. दोन दिवसांनी तो घरी आला.

इकडे टाकीजवळ काय घडलं ते मला मुलांनी सकाळी सांगितलं. स्क्रीनवरच्या डॉक्टरांनी लिंक बंद केली नाही. "आज आणि काल ज्यांनी फवारलं त्यांनी हात वर करा," म्हणाले. हात वर करणाऱ्या प्रत्येकाला एकेक करून कॅमेऱ्यासमोर आणलं, डोळे दाखवायला लावले. आणखी दोघांना सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं, त्यांचं सुदैवाने किरकोळ निघालं. साडेआठला संपायचा कार्यक्रम दहा वाजेपर्यंत चालला आणि कोणी उठलं नाही. आमच्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांनी तो सांभाळला, मला त्यांचा फार अभिमान वाटतो. रासेयोत वर्षाला 120 तासांचं काम मोजलं जातं. त्या रात्रीचे तास त्यांनी वहीत लिहिलेच नव्हते, मीच नंतर लिहायला लावले.

विद्यापीठाच्या हजेरीच्या फॉर्ममध्ये ईमेल भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि ई-प्रमाणपत्रही ईमेलवरच येतं. गावातल्या बहुतेकांकडे ते नाही. आम्ही वहीत सह्या आणि अंगठे घेतले, त्या पानांचे फोटो अहवालाला जोडले आणि हीच हजेरी धरावी असं लेखी कळवलं. समन्वयकांनी ते मान्य केलं. पुढच्या कार्यक्रमांना गावपातळीवर वहीची हजेरी चालेल, असं आता परिपत्रकातच आलं आहे.

दुसऱ्या वावराच्या मालकाने त्या आठवड्यात फवारलं नाही. सापळे लावायला आणि गळालेली बोंडं वेचून नष्ट करायला त्याने त्याच गड्याला बोलावलं, दवाखान्यातून आल्यावर, रोजावर. एका मालकाने केलं म्हणून प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. बाकीच्या वावरांत मजुरी अजून पंपामागेच आहे.

पुढचे कार्यक्रम गावानेच सांगितले, आम्ही फक्त तारखा लावून घेतल्या. दिवाळीनंतरची पहिली बैठक बायांनी मागितली आहे. फवारणीचे कपडे त्या घरच्या धुण्यातच धुतात, ते वेगळे कसे धुवायचे आणि बाटल्या घरात कुठे ठेवायच्या, हे त्यांना विचारायचं आहे. डिसेंबरात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही त्याच पऱ्हाटीचं लांबवलेलं पीक, घेऊ नये यावर सर पुन्हा जोडले जातील. पाणी देऊन पऱ्हाटी पुढे चालवली की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं, आणि उपटलेल्या पऱ्हाट्यांच्या गंज्या धुऱ्यावर रचून ठेवल्या की तिथेच ती दडून बसते. जानेवारीत आमचं सात दिवसांचं शिबिर त्याच गावात आहे, तेव्हा गंज्या हलवायचं काम मुलं करतील. खरीप लागायच्या आधी फवारणी करणाऱ्या सगळ्यांची तपासणी व्हावी म्हणून आरोग्य केंद्राला पत्र दिलं आहे. सगळ्या बैठका साडेसातलाच, प्रार्थनेनंतर.

आणि रोजीचा प्रश्न आम्ही त्या गड्याच्याच शब्दांत लिहून विद्यापीठाला पाठवला. त्यावर बोलायला कृषी अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक नोव्हेंबरच्या बैठकीला येणार आहेत. पंपामागे मजुरी न देता दिवसाची द्यायची झाली तर शेतकऱ्याला एकरी किती खर्च वाढतो, याचा हिशेब ते मांडतील. गावातले शेतकरी आणि फवारणी करणारे गडी दोघंही समोर बसलेले असतील.