चहा उकळेपर्यंतचं ध्यान

मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन कपांसाठी सव्वा कप पाणी, त्यात अर्धा इंच ठेचलेलं आलं. आता फक्त आवाज ऐका: आधी बारीक सूं, मग खळखळ. मन भटकलं की पुन्हा आवाजाकडे आणा. आलं दोन मिनिटं पाण्यातच उकळू द्या. कच्चं आलं दूध फाडतं. आपल्याकडचं, मराठवाड्यातलं बोअरचं पाणी जड. त्यातल्या क्षारांमुळे चहावर तवंग येतो. आरओचं वापरा, फरक लगेच दिसतो.

दोन सपाट चमचे चहापूड, मंद आचेवर दोन मिनिटं; जास्त उकळली की तुरट होते. मग पाऊण कप गरम दूध. गूळ मात्र गॅस बंद केल्यावरच, नाहीतर चहा फाटतो.

पहिला घोट गिळून श्वास नाकाने हळू सोडा. आल्याचा खरा वास तेव्हाच कळतो.