भरताच्या वांग्यावर बुरशीची फवारणी : माझा अनुभव

जळगाव भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ला टेकतो. तेव्हा व्हर्टिसिलियम किंवा बिव्हेरिया या कीड मारणाऱ्या बुरश्या फवारणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं. मी हात लावतो तो पोळ्याच्या आसपास, झड लागली की. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिचं बी म्हणा, किडीच्या अंगावर रुजायला दमट हवा लागते, कीटकनाशकाला तशी लागत नाही.

पांढरी माशी, माव्यासाठी व्हर्टिसिलियम लेकॅनी. अळीसाठी बिव्हेरिया बॅसियाना. पुडीवर उत्पादनाची तारीख आणि ग्रॅममागे दहा कोटी बीजाणू लिहिलेत का, ते बघायचं. पत्र्याखाली तापलेली पुडी घ्यायचीच नाही.

लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५. एकरी २०० लिटर पाणी धरलं तर किलोभर. आधी मगात थोड्या पाण्यात कालवतो, मग फडक्यातून गाळतो; नाहीतर बीजाणू ज्यात मिसळलेले असतात ती पुडीतली शंखजिऱ्याची भुकटी नोझलमध्ये अडकते. पंपात आदल्या वेळी मॅन्कोझेब किंवा कॉपरसारखं बुरशीनाशक असेल तर चांगला धुवायचा. बुरशीनाशक आणि ही बुरशी यांत आठ दिवसांचं अंतर हवंच. घाई इथेच नडते: दोन्ही एकाच टाकीत ओततात आणि 'पुडी बोगस' म्हणून मोकळे होतात.

फवारणी ऊन उतरल्यावर. नोझल पानाखाली धरून वर मारायचा, कारण पांढऱ्या माशीची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असतात. वरून मारलेलं पाणी फक्त दिसायला छान.

पुढचे तीन दिवस काहीच दिसत नाही. बीजाणू रुजतो, किडीची कातडी भेदून आत शिरतो, शरीरात वाढतो. कीड मरायला चार ते सात दिवस लागतात. चौथ्या दिवशी धीर सुटून विष मारलं तर बुरशीनं काम केलं की विषानं, ते कधीच कळत नाही.

मला खात्री लागते. मेलेली अळी ओल्या टिपकागदावर ठेवून डबी झाकतो. दोन-तीन दिवसांत आधी अंगाच्या सांध्यांतून, मग सगळीकडून कापसासारखी पांढरी लव उभी राहते, अंग कडक होतं. पानावरचा पांढरा थर मात्र बहुतेक वेळा वाळलेलं शंखजिरं असतं. भिंगाखाली ते सपाट पडलेलं दिसतं, त्याला लव नसते.

शेंड्यात किंवा फळात शिरलेल्या अळीपर्यंत बुरशी पोचत नाही. त्यासाठी माना टाकलेले शेंडे खुडून पुरतो, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे) लावतो. पांढऱ्या माशीला सात-आठ दिवसांनी दुसरी फवारणी लागतेच. पहिल्या वेळी अंड्यात असलेली पिल्लं तोवर बाहेर आलेली असतात.