आवाज कुणाचा?

आमच्या घरी लँडलाइन होता तेव्हाची गोष्ट. मी दहावी-अकरावीत असेन. फोन उचलून "हॅलो" म्हटलं की पलीकडचं माणूस थेट सुरूच व्हायचं. "वहिनी, भिशी शनिवारी ठेवलीय," नाहीतर "ताई, तुमचा गॅसचा नंबर लागला का?" माझा आवाज हुबेहूब आईसारखा. सुरुवातीला मी "थांबा हं, आईला देते" म्हणायचे. मग कंटाळा आला आणि खरं सांगायचं तर मजाही वाटायला लागली. "हो हो, येते मी," म्हणून मी परस्पर भिशीची वेळ ठरवून टाकायचे. एकदा मावशीनं मामेबहिणीच्या मोडलेल्या लग्नाची अख्खी कहाणी एका दमात सांगितली. कोण काय बोललं, अंगठी परत दिली की नाही, सगळं. मध्ये मला "मावशी, मी आहे" म्हणायला जागाच सापडेना. सापडली तेव्हा कहाणी फार रंगात आली होती.

हे सगळं परवा आठवलं ते मे क्वेस्टेलमुळे. नाव ओळखीचं नसेल, पण आवाज तुमच्याही कानावरून गेला असण्याची दाट शक्यता आहे. जुन्या पॉपाय कार्टूनमधली ती काडीसारखी ऑलिव्ह ऑइल, लांबलचक हातपायांची, संकटात सापडली की चिरक्या सुरात पॉपायला हाका मारणारी, ती पुष्कळदा मे असायची. आणि ऑलिव्हच्याही आधी बेटी बूप. मोठाले डोळे, कपाळावर गोल गोल बटा, आखूड झगा आणि गाता गाता मध्येच "बूप-ऊप-अ-डूप".

मेचा जन्म 1908 सालचा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधला. घर कर्मठ ज्यू. मुलीनं नाटकात वगैरे जाणं घरच्यांना पसंत नव्हतं. (हे वाक्य सदाशिव पेठेतल्या कुठल्याही जुन्या चरित्रात जसंच्या तसं बसेल.) त्या दिवसांत हेलन केन नावाची गायिका जोरात होती. 1928 मध्ये तिचं एक गाणं गाजलं. लहान मुलीसारखा लाडिक आवाज आणि शब्दांच्या फटीत तो "बूप-ऊप". ब्राँक्समधल्या एका थिएटरनं हेलन केनसारख्या मुलींची स्पर्धा ठेवली आणि ती मेनं जिंकली. तिथून पुढे ती व्होडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या मिश्र खेळांच्या, रंगमंचावर नकला करू लागली. मोरिस शेव्हालियेपासून मार्लीन डीट्रिखपर्यंत कुणालाही तिनं सोडलं नाही. 1931 मध्ये कार्टूनपट काढणाऱ्या मॅक्स फ्लायशरला आपल्या बेटीसाठी आवाज हवा होता, तो त्याला मेपाशी सापडला.

फ्लायशरचा स्टुडिओ ब्रॉडवेवर होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हॉलिवूड देशाच्या दुसऱ्या टोकाला. हार्लेम, म्हणजे जॅझनं गजबजलेली कृष्णवर्णीयांची वस्ती, मात्र त्याच बेटावर, थोडं वरच्या अंगाला. त्यामुळे या कार्टूनमध्ये जॅझ पार्श्वसंगीत म्हणून येत नाही, जॅझवाले स्वतःच येतात. 1932 मध्ये लुई आर्मस्ट्राँग आपल्या वाद्यवृंदासकट एका बेटीपटात आला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात कॅब कॅलोवे आहे. सुरुवातीला तो खराखुरा दिसतो, पांढऱ्या सुटात, पाय जमिनीला जेमतेम टेकवत लहरत नाचणारा. पुढे बेटीला ताटातलं खात नाही म्हणून आईबाप ओरडतात, ती मुसमुसत गाते आणि घरातून पळून जाते. अंधाऱ्या गुहेत तिच्यासमोर एक भूत येतं, सुळेवाल्या वॉलरसच्या रूपात, आणि ते कॅलोवेच्या आवाजात गाऊ लागतं. त्याची चालसुद्धा कॅलोवेचीच, कारण त्याच्या नाचाचं चित्रीकरण एकेक चौकट करत गिरवून ते वॉलरसचं भूत काढलेलं. मी हा प्रसंग इतक्यांदा पाहिलाय की आता भुताची भीती वाटत नाही, त्याच्या कमरेचा हेवा वाटतो.

आता जाणकार मेला जॅझ गायिका म्हणतील का? बहुधा नाही. ती जॅझच्या जमान्यातली नखरेल गाणी म्हणायची, एवढंच. पण "बूप-ऊप-अ-डूप" हे जॅझमधल्या स्कॅट गायनाचंच लाडावलेलं धाकटं भावंड आहे. शब्द संपले तरी गळ्याला थांबायचं नसतं, तेव्हा जे बाहेर पडतं ते. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. तराण्यात "दिर दिर तनोम" चालतंच की तास तास. आणि 1957 साली पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, "ईना मीना डीका"वर सगळ्या देशाला नाचवलं. त्यांच्या वादकांत मुंबईच्या हॉटेलांमधून जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक होते. निरर्थक अक्षरं अशीच समुद्र ओलांडतात. अर्थ असता तर कुठेतरी अडकली असती.

तर बेटी गाजली, आणि 1932 मध्ये हेलन केन कोर्टात गेली. माझा आवाज, माझी लकब, माझं "बूप" चोरलं म्हणून फ्लायशर आणि पॅरामाउंट कंपनीवर अडीच लाख डॉलर्सचा दावा. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात कॉलेजची पोरं घसा फाटेस्तोवर "आवाज कुणाचा" ओरडतात. तोच प्रश्न 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गंभीर चेहऱ्यानं विचारला गेला. बेटीला आवाज देणाऱ्या बायका साक्षीला आल्या. "बूप" म्हणजे नेमकं काय, "बूप" आणि "बू" यांत फरक काय, यावर वकिलांनी खल केला. त्यांची बोलणी टिपून घेणाऱ्या कोर्टातल्या लेखनिकाची मला फार दया येते.

मग बचावपक्षानं एक साक्षीदार उभा केला. बेबी एस्थर या बालगायिकेचा मॅनेजर. एस्थर कृष्णवर्णीय, नाइट क्लबमध्ये गाणारी पोर. गाण्याच्या मध्ये असले बोल ती केनच्याही आधीपासून घालायची, आणि केननं तिचा कार्यक्रम समोर बसून पाहिला होता, असं त्यानं सांगितलं. पुरावा म्हणून एस्थरची छोटीशी फिल्मही कोर्टात दाखवली. न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ही शैली केनचीच, असं सिद्ध झालेलं नाही म्हणाले. केन हरली. पण एस्थर तरी कुठे जिंकली? तिच्या नावावर निकाल लागला आणि ती स्वतः त्या कोर्टात नव्हतीच. त्या खटल्यात मला कुणाची बाजू घ्यावीशी वाटत असेल तर फक्त त्या पोरीची.

मेबद्दल मात्र मनात चोर म्हणून काही येत नाही. कदाचित माझा पिंडच तसा असेल. आमच्याकडे गाणं शिकणाऱ्याला आधी गुरूचा आवाज गळ्यात उतरवावा लागतो. "अगदी बुवांसारखं लागतं हो," ही मैफिलीत दाद असते, आरोप नसतो. बालगंधर्वांची नक्कल करणारे एके काळी गल्लोगल्ली होते आणि त्यांचं कौतुकच व्हायचं. अर्थात, तिथे कुणी त्या नकलेवर स्टुडिओ चालवत नव्हतं, हेही खरं.

आणि मे सगळं आयुष्य उसन्या आवाजांवरच जगली. ऑलिव्ह ऑइलचा आवाज तिनं झासू पिट्स या नटीवर बेतला. शर्ली टेम्पलचं गाणं रेकॉर्ड केलं, त्याच्या वीस लाखांवर तबकड्या खपल्या म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पॉपायचा आवाजवाला लष्करात गेला, तर हिनं काही चित्रांत चक्क पॉपायही करून टाकला.

हे काम किती अवघड असतं, याचा मला एकदाच आणि चांगलाच अनुभव आला. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तक वाचून रेकॉर्ड करायचं होतं. मी उत्साहानं कडक इस्त्रीची सुती साडी नेसून गेले. काचेपलीकडच्या मुलानं पहिल्या पाच मिनिटांत साडीची सळसळ पकडली, मग बांगड्या काढायला लावल्या, मग म्हणाला, "ताई, 'प' फुटतोय. माइकच्या जरा बाजूला बोला." पुस्तकात "पण" हा शब्द किती वेळा येतो ते मला त्या दिवशी कळलं. शेवटी एक ओळ छान जमली, तर माझ्या पोटात गुरगुरलं. तेही रेकॉर्ड झालं. मी तर नुसती वाचत होते, माझ्याच आवाजात. फ्लायशरकडे चित्र बहुतेकदा आधी तयार व्हायचं. नटांनी पडद्याकडे बघत, त्या ओठांच्या उघडझापेत आपलं बोलणं, गाणं, रडणं बसवायचं. मेला ते बेटीच्या आवाजात करायचं होतं.

1934 नंतर सिनेमातल्या सोवळ्याओवळ्याचे नियम कडक झाले. बेटीचा झगा लांब झाला आणि तिच्यातली गंमत आखूड. 1938 मध्ये स्टुडिओ मायामीला गेला, मे गेली नाही. पुढच्याच वर्षी बेटीचे चित्रपट थांबले. पुढे मे पुन्हा ऑलिव्ह झाली, 1970च्या दशकात पेपर टॉवेलच्या जाहिरातींत आगाऊ आत्याबाई झाली. 1988 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, तिनं एका चित्रपटात परत एकदा बेटीचा आवाज दिला. भोवती सगळी कार्टून रंगीत, ही एकटी कृष्णधवल, हातात ट्रे घेऊन गिऱ्हाइकांत फिरणारी. चित्रं रंगीत झाल्यापासून काम मिळत नाही, अशी हलकीशी कुरकुर करते आणि मग तो जुना "बूप" म्हणून दाखवते. आवाजाला सुरकुती म्हणून नाही.

त्यानंतर वर्षभरातच वुडी ॲलननं तिला एका आईच्या भूमिकेत घेतलं. जादूच्या प्रयोगात पेटीत शिरलेली ही आई गायब होते आणि न्यूयॉर्कच्या आकाशात प्रकट होते. नुसता चेहरा, इमारतींच्या वर, अवाढव्य. तिथून ती येणाऱ्याजाणाऱ्यांना आपल्या मुलाच्या खाजगी गोष्टी सांगत बसते. जिचा आवाज सगळ्यांना ठाऊक आणि चेहरा फारसा कुणाला नाही, तिचा चेहरा सबंध शहरावर पसरलेला पाहताना मी एकटीच मोठ्यानं हसले.

मागच्या सोमवारी सकाळी पोळ्या लाटत होते. माझा मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला होता. तेवढ्यात बाहेरून माझाच आवाज ऐकू आला. "काका, आज नका थांबू. तिला जरा बरं नाहीये, मी उद्यापासून पाठवते, बरं का." व्हॅनवाल्या काकांनी "बरं ताई" म्हटलं असणार, कारण फोन लगेच ठेवला गेला. सोमवारी पहिला तास गणिताचा असतो, हे मला माहीत आहे. मी प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरं का" म्हणते, हे मात्र माहीत नव्हतं. ते आईचं आहे.

तव्यावरची पोळी करपली. मी दुसरी लाटायला घेतली.