खाँसाहेब कुणाचे?

तुम्ही विचारलंत म्हणून. 'कट्यार काळजात घुसली'चे खाँसाहेब नाटकातल्या वसंतराव देशपांडेंचे भारी की सिनेमातल्या सचिन पिळगावकरांचे? थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांच्या या कोल्हापुरात 'वसंतराव!' म्हणून मोकळं झालं की सगळे खूश. मी तसं म्हणत नाही, तर आखडू ठरतो.

आधी काम काय आहे ते बघा. रंगमंचावर संतापाचं वाक्य संपलं की लगेच पद उचलायचं. गळा तापलेला, छातीत दम नाही, आणि षड्ज, म्हणजे 'सा', मात्र ऑर्गनने दिला तिथेच लागला पाहिजे. म्हणून जाणता गायकनट शेवटचे दोन-तीन शब्द खाली उतरवतो, पाठ फिरवतो, चार पावलं टाकतो. प्रेक्षकाला तो रुबाब वाटतो. खरं तर तेवढ्यात त्याने श्वास चोरलेला असतो. तो हुकला तर तान आखूड पडते आणि तबलजी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एकटाच पोचतो.

सिनेमात गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं. सचिनच्या तोंडी आवाज राहुल देशपांडेंचा, वसंतरावांच्या नातवाचा. मग नटाला सोपं? आवाज बंद करून 'सुरत पिया की' बघा. ओठांकडे नको, गळ्याच्या शिरांकडे, जबड्याकडे, पोटाकडे बघा. 'आ'काराच्या तानेत ओठ फारसे हलतच नाहीत. तान चालू असताना पोट आत जातं, संपली की छाती भरते. छाती भरली नाही तर क्लोजअपमध्ये चोरी लगेच पकडली जाते.

पूर्वी मी छातीठोक सांगायचो, गळा उसना तर भूमिकाही उसनी. आता ते बोलवत नाही. नाटक १९६७चं, वसंतराव गेले १९८३ साली. आज त्यांच्या बाजूने भांडणाऱ्या बहुतेकांनी त्यांना फक्त ऐकलंय. एकाला कानांनी मोजायचं, दुसऱ्याला डोळ्यांनी? वसंतरावांनी पाठ कधी फिरवली ते तबकडीत उमटत नाही. आणि सचिनची ती मिटल्या ओठांची असूया इथल्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचलीच नसती.

तुलना करायचीच तर राहुल देशपांडेंची स्वतः राहुल देशपांडेंशीच करा. नाटकाच्या २०१०च्या प्रयोगांत खाँसाहेब म्हणून ते स्वतः उभे राहिले. सिनेमात गळा तोच, चेहरा दुसऱ्याचा. पण तिथेही माझा निकाल लागत नाही. मला धाप लागलेली तान आवडते. आता दरबारी गवयाला धाप लागेल का, हे मात्र विचारू नका.