सोसायटीचा आतला रस्ता आणि पार्किंग : सातबारापासून पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत

आधी रस्ता कोणाचा ते ठरवा, गाडी कोणाची ते मग बघता येतं. आमच्या लेआउटमध्ये चार सोसायट्या, मधून एक रस्ता, त्याची दोन्ही टोकं उघडी, आणि बाहेरचेही त्यावर गाड्या लावून जायचे. वाहतूक शाखेत सांगितलं, "रस्ता खासगी आहे, आम्हाला गाड्या उचलता येणार नाहीत." महापालिकेत सांगितलं, "रस्ता सार्वजनिक आहे, गेट लावाल तर काढू." दोन्ही उत्तरं तोंडी. तेव्हा कागद काढले.

कागद तीन लागतात : मंजूर लेआउटचा नकाशा, रस्त्याच्या जागेचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, आणि महापालिकेने रस्ता ताब्यात घेतला असेल तर ताबापावती. सातबारा ऑनलाइन मिळतो. बाकीच्या दोहोंसाठी माहिती अधिकाराचा अर्ज, बांधकाम विभागाला वेगळा आणि पथ विभागाला वेगळा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा आणि 30 दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत प्रथम अपील. "हा रस्ता खासगी आहे का?" असं मात्र विचारू नका, 'अभिप्राय देता येत नाही' एवढ्या एका ओळीवर अर्ज निकाली निघतो. आमचा पहिला अर्ज तसाच गेला. "सर्व्हे क्रमांक अमुकमधील अंतर्गत रस्ता हस्तांतरित झाल्याची ताबापावती, असल्यास तिची प्रत" असं मागा. नसेल तर 'अभिलेखात आढळून येत नाही' असं लेखी येतं, आणि आपल्याला हवं असतं तेच.

आमच्या बाबतीत ताबापावती नव्हती आणि सातबारावर अजून मूळ जमीनमालकच होता, म्हणजे अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं, कन्व्हेयन्स) राहिलेलं. ते मानीव अभिहस्तांतरणाने (मालकाने सही न केल्यास सरकारी आदेशाने, डीम्ड कन्व्हेयन्स) होतं, पण लेआउटमध्ये प्रत्येक सोसायटीचा अविभक्त हिस्सा काढावा लागतो. ते काम स्वतंत्र आणि लांबणारं आहे. पार्किंगसाठी त्याच्यावर अडून राहू नका.

पोलिसांचा मुद्दा निम्मा बरोबर होता. मोटार वाहन कायदा, 1988च्या कलम 2(34)प्रमाणे लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे ती 'सार्वजनिक जागा', आणि बेवारस किंवा अडथळा करणारी गाडी उचलण्याचं कलम 127 अशा जागेपुरतंच चालतं. तेव्हा नुसतं सातबारावरचं नाव पुरत नाही, हक्काची वहिवाट आहे का तेही बघावं लागतं. इथे नकाशा कामी आला. त्यात मागच्या टोकाला सलग कुंपणभिंत दाखवलेली होती. प्रत्यक्षात ती कधीतरी पाडून लोकांनी शॉर्टकट केला होता. नकाशाची प्रत जोडून महापालिकेला पत्र दिलं, पोच घेतली आणि भिंत पूर्ववत केली. बाहेरच्या गाड्या निम्म्याहून कमी झाल्या, बूम बॅरियर न लावता. नकाशात तुमचा रस्ता आरपार असेल तर हा मार्ग नाही. मग वाहतूक शाखेकडे नो-पार्किंग किंवा सम-विषम तारखांची (पी-1, पी-2) अधिसूचना मागायची. अधिसूचना आणि फलक असले की टोइंग होतं. 'हवा सोडली जाईल' या पाटीने काही होत नाही. खरंच सोडलीत तर उलट तुमच्यावर तक्रार होऊ शकते. जॅमरचंही तेच. सोसायटीला तो अधिकार कायद्याने दिलेला नाही.

मग आपल्याच सभासदांच्या गाड्या. इथे भांडण जास्त. आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) उपलब्ध जागा सर्वसाधारण सभेच्या धोरणाप्रमाणे वाटायच्या, साधारणपणे एका सभासदाला एकच, आणि गाड्या जास्त असतील तर दर वर्षी चिठ्ठ्या टाकून. विशेष सभेची नोटीस पूर्ण 5 दिवस आधी लागते. गणपूर्ती दोन तृतीयांश किंवा 20 सभासद, यांत जे कमी ते. चारही सोसायट्यांनी शब्दन् शब्द एकच ठराव करावा. आमच्या एका सोसायटीने 'रहिवासी' असं लिहिलं, बाकीच्यांनी 'सभासद', आणि भाडेकरूंच्या गाड्यांवरून तीन महिने गेले. "बिल्डरकडून जागा विकत घेतली आहे" म्हणणारे येतातच. स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधल्या) आणि उघड्या जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली नहालचंद लालूचंद प्रकरणात मोफा (महाराष्ट्राचा जुना फ्लॅट मालकी कायदा) कायद्याखाली म्हटलं आहे. रेराखाली (2016चा स्थावर संपदा कायदा) नोंदवलेल्या प्रकल्पात छत असलेल्या पार्किंगचं वेगळं आहे, करारनामा वाचूनच बोला.

आखणीत आम्ही चुकलो. नकाशात रस्ता 9 मीटर, टेप लावली तर 8.1, उरलेला फुलझाडांच्या वाफ्यांनी खाल्लेला. आधी वाफे काढले. बंबासाठी 6 मीटर मोकळे ठेवायचे, म्हणून गाड्या एकाच बाजूला, कडेला समांतर. नियमांतला 2.5 बाय 5 मीटरचा खण (एका गाडीची आखलेली जागा) सरळ आत घालायच्या गाडीसाठी असतो. समांतर लावायला 6 मीटर लांबी हवी, नाहीतर मधली गाडी बाहेरच निघत नाही. आम्ही 5च्या पट्ट्या मारल्या आणि पंधरा दिवसांत खरवडल्या. पक्का रंग देण्याआधी खडूने आखा, रात्री सगळ्या गाड्या लावून घ्या आणि पाण्याचा टँकर आणवा. आमच्या टँकरवाल्याने वळणावर डावा आरसा मिटला, दोनदा मागे घेतला आणि खिडकीतून म्हणाला, "हा शेवटचा खण काढा साहेब." काढला.

रंगवलेला आराखडा अग्निशमन दलाकडे देऊन पोच घ्या. मंजूर नकाशात नसलेल्या जागेत खण दिसले तर हरकत तिथूनच येते. तरीही एखादा सभासद ऐकत नसेल तर आधी कारणे दाखवा नोटीस, मग सभेने ठरवलेला दंड, आणि वाद वाढलाच तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91खाली सहकार न्यायालय. रात्री कोणी गेटच्या तोंडाशीच गाडी लावून गेला, तर 112.