रविवारची गर्दी, सोमवारचं काम

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं पेंटेकॉस्टल चर्च, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणारं चर्च, म्हटलं की हॅमंड ऑर्गन, खंजिऱ्या, अन्य भाषांत (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या भाषांत) चाललेली प्रार्थना आणि वेदीपुढे भान हरपून पडलेली माणसं हेच चित्र आठवतं. चित्र खरं आहे, पण त्यातून मंडळी, म्हणजे चर्चचा सभासदवर्ग, वाढत नाही. ती वाढते सोमवार ते शनिवार, आणि बहुतेक वेळा बायकांच्या हातून. सुवार्ताप्रसाराचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराचे, बेत आखणारे नेमके इथेच चुकतात. तंबू, स्पीकर आणि पाहुणा वक्ता यांवर सगळा पैसा जातो, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या दारी कोण जाणार हे कुणी ठरवलेलंच नसतं.

ही चूक पेंटेकॉस्टल चळवळीइतकीच जुनी आहे. विल्यम सीमूर हा लुईझियानातल्या एके काळच्या गुलाम आईबापांचा मुलगा. ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पारहॅम या पेंटेकॉस्टल उपदेशकाच्या वर्गात वर्णभेदाच्या कायद्यांमुळे त्याला आत बसता आलं नाही, दाराबाहेर बसून शिकावं लागलं. १९०६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका मंडळीने त्याला बोलावलं आणि त्याची शिकवण ऐकून तिनेच दाराला कुलूप घातलं. मग बॉनी ब्रे स्ट्रीटवरच्या एका घरात प्रार्थना सुरू झाली. एप्रिलमध्ये तिथे लोक अन्य भाषांत बोलू लागले, घर पुरेना, म्हणून ३१२ अझूसा स्ट्रीट ही पडीक इमारत घेतली. आधी तिथे मेथडिस्ट चर्च होतं, नंतर गोदाम आणि तबेला. व्यासपीठ म्हणून लाकडी खोकी एकावर एक ठेवली. दिवसाला तीन सभा चालत, दानाची थाळी फिरत नसे, दाराशी एक पेटी असे.

अझूसाबद्दल लिहिणारे आत्म्याच्या वर्षावावर पानंच्या पानं लिहितात. माझ्या मते निम्मं श्रेय ‘द अपोस्टॉलिक फेथ’ या फुकट वाटल्या जाणाऱ्या वृत्तपत्राला आणि त्याच्या पत्त्यांच्या यादीला द्यायला हवं. सभेला येऊन गेलेला माणूस गावी पोचला की पत्र त्याच्या मागोमाग पोचत असे. संपादनाचं बरंचसं काम क्लारा लम यांच्याकडे होतं. १९०८ मध्ये त्या पोर्टलंडला गेल्या, पत्र आणि याद्या त्यांच्याबरोबर गेल्या, आणि सीमूरचा दूरच्या वाचकांशी असलेला धागा तुटला. यामागे कोण बरोबर, कोण चूक यावर अजून वाद होतात. परिणामाबद्दल वाद नाही. व्यासपीठ सीमूरकडेच राहिलं, पण पुढच्या काही वर्षांत गर्दी ओसरली.

टेनेसीतल्या मेम्फिसचे चार्ल्स हॅरिसन मेसन १९०७ मध्ये अझूसाला जाऊन पाच आठवडे राहिले आणि परत येऊन त्यांनी चर्च ऑफ गॉड इन ख्राइस्ट ही संघटना नव्याने उभी केली. त्यांची मोठी चाल १९११ ची: बायकांचं सगळं काम त्यांनी लिझी रॉबिन्सन यांच्या हाती दिलं. रॉबिन्सनबाईंनी गावोगावी विखुरलेले प्रार्थनेचे आणि बायबल-अभ्यासाचे गट एकत्र बांधले, शिवणमंडळं काढली. पुढे दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फियाकडे निघाले, तेव्हा हे गट त्यांच्याबरोबरच हलले. नव्या शहरात एखादी मिशनरी बाई ओळखीच्या घरी उतरायची. दिवसा लोकांकडे धुणीभांडी, संध्याकाळी आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, शनिवारी नाक्यावर खंजिरी. पंधरा-वीस माणसं जमली की दुकानाचा एखादा गाळा भाड्याने घ्यायचा आणि बिशपना कळवायचं: पाळक (पास्टर) पाठवा. पाळक यायचा तो पुरुष. बायकांना या संघटनेत ‘एल्डर’, म्हणजे मंडळीचा पुढारी, म्हणून दीक्षा नव्हती. त्या ‘शिकवत’, ‘उपदेश’ करत नसत, निदान कागदोपत्री. युनायटेड होली चर्च या दुसऱ्या एका संघटनेतल्या आयडा रॉबिन्सन यांना बायकांवरची अशी बंधनं पटली नाहीत. १९२४ मध्ये फिलाडेल्फियात त्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, माउंट सायनाय होली चर्च, आणि तिथे बायकांना रीतसर दीक्षा मिळू लागली.

आता जागेबद्दल. रिकामा गाळा स्वस्त पडतो, हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं. आज मात्र भाडेकरारावर सही करण्याआधी पालिकेच्या इमारत विभागात जायलाच हवं. दुकान म्हणून नोंदलेल्या जागेत उपासना भरवायची तर बहुतेक ठिकाणी वापरबदलाचा दाखला लागतो. बहुसंख्य शहरांनी स्वीकारलेल्या इमारत संहितेनुसार सुट्या खुर्च्यांच्या जागी माणशी ७ चौरस फूट धरतात. म्हणजे खुर्च्या मांडायची मोकळी जागा साडेतीनशे चौरस फूट झाली की आकडा ५० वर जातो. माणसं ४९ च्या वर गेली की बाहेर पडायला दोन वाटा लागतात आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी लागतात. लांबट, चिंचोळ्या गाळ्याचं मागचं दार बहुधा शेजाऱ्याच्या कोठीत उघडतं किंवा कायमचं बंद केलेलं असतं. रंगरंगोटी, गालिचा, ड्रम्सचा काचेचा आडोसा यांवर पैसे घालून झाल्यावर अग्निशमन निरीक्षक येतो आणि तिथेच मोहीम संपते. उन्हाळी तंबूचंही तसंच. ४०० चौरस फुटांच्या वरच्या बंदिस्त तंबूला सहसा परवाना लागतो, आणि कापड आग न धरणारं असल्याचं प्रमाणपत्र तंबूवाल्याकडून आधीच मागून घ्यावं.

गाळा घेण्याआधी त्या रस्त्यावर दोन-तीन आठवडे नुसतं फिरावं. बऱ्याच जुन्या मंडळ्यांची माणसं केव्हाच उपनगरांत राहायला गेली आहेत. रविवारी ती गाड्या घेऊन येतात, दुहेरी रांगेत लावतात आणि तीन तास शेजाऱ्याची गाडी अडकवून ठेवतात. अशा मंडळीने शनिवारी पत्रकं वाटली तर दार उघडणारा माणूस आधी गाडीचीच तक्रार करणार, आणि ती रास्तच असते. पार्किंगसाठी दोन स्वयंसेवक उभे केले आणि शेजाऱ्यांना एक फोन नंबर देऊन ठेवला, तर निम्मं वैर तिथेच मिटतं.

या वस्त्यांत येशूचं नाव ऐकलं नाही असा माणूस क्वचितच भेटतो. कुणाची आजी चर्चच्या मदर्सपैकी (मानाच्या ज्येष्ठ बायकांपैकी) होती, कुणी लहानपणी क्वायरमध्ये गायलेलं असतं. तेव्हा ‘तुम्हाला येशू माहीत आहे का?’ हा प्रश्न इथे फुकट जातो. खरा प्रश्न असतो की जाणं का सुटलं. कुणाला चारचौघांत कपड्यांवरून बोललेलं असतं, कुणाला लग्नाआधी दिवस गेले म्हणून सगळ्या मंडळीपुढे उभं केलेलं असतं, कुणाचा पैशावरून विश्वास उडालेला असतो. दारात उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने या वेळी चर्चची वकिली करू नये. ऐकून घ्यावं, प्रार्थना करू का म्हणून विचारावं, हो म्हटलं तर दारातच मिनिटभर करावी आणि निघावं. जोडीने जावं, त्यात एक तरी बाई असावी. आत बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडू नये.

नाक्यावरची सभा पाऊण तासात आटपावी. दोन गाणी, दोन साक्षी, दहा मिनिटांचा संदेश, प्रार्थना. साक्ष, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं याची कहाणी, तीन मिनिटांची. ती लांबते कारण माणूस आपल्या जुन्या पापांचं वर्णन रंगवत बसतो आणि सुटकेपर्यंत येतो तेव्हा ऐकणारा बसमध्ये चढलेला असतो. लाउडस्पीकरला बहुतेक शहरांत परवाना लागतो. तो असला तरी भोंगा घरांच्या खिडक्यांकडे न वळवता रस्त्याच्या दिशेने ठेवावा, कारण वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेलं कुणी तरी असतंच. आणि सगळ्यांनीच गात बसू नये. चार-पाच जण कडेला मोकळे हवेत. थबकणारा माणूस गर्दीच्या मधे येत नाही, तो कडेला थबकतो.

आता वेदीकडे. पेंटेकॉस्टल मंडळ्यांमध्ये ‘वरून सामर्थ्य मिळेपर्यंत’ वाट पाहण्याची जुनी रीत आहे. इच्छुक माणूस वेदीपाशी गुडघे टेकतो, ‘येशू, येशू’ किंवा ‘धन्यवाद, येशू’ असं म्हणत राहतो, आणि जुनीजाणती माणसं शेजारी बसून त्याला धीर देतात. तासन् तासही जातात. बिघडतं ते मदतीच्या गर्दीने. एकीकडून एक मदर ‘धरून राहा’ म्हणते, दुसऱ्या कानात कुणी तरी ‘सोडून दे’ ओरडतो, तिसरा कपाळ मागे रेटतो, आणि ते पोर बिचारं घाबरून काही तरी पुटपुटतं व सुटका करून घेतं. मंडळी जल्लोष करते. पुढच्या रविवारी ते पोर येत नाही, कारण आपण नाटक केलं हे त्याला ठाऊक असतं. म्हणून एका माणसाजवळ एकच मार्गदर्शक, शक्यतो पुरुषाजवळ पुरुष आणि बाईजवळ बाई. हात ठेवण्याआधी विचारावं. उच्चार तोंडात भरवू नयेत, ‘माझ्यामागून म्हण’ हा प्रकार तर मुळीच नको. पांढऱ्या गणवेशातली नर्सेस युनिटची, म्हणजे सभेत माणसांची काळजी घेणाऱ्या गटाची, बाई जवळ असावी, हाताशी पाणी, टॉवेल, आणि खाली पडलेल्या बाईच्या पायांवर टाकायला चादर. कुणाला झटके आले किंवा माणूस खरोखरच बेशुद्ध पडला तर प्रार्थना चालू राहू दे, पण ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन आधी. रोगमुक्तीची प्रार्थना झाल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करायला सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही, हे कार्यकर्त्यांना स्पष्ट शब्दांत बजावावं. आणि उशिरा थांबलेला माणूस घरी कसा जाणार हे सभेआधी ठरवून ठेवावं, शेवटची बस आत्म्यासाठी थांबत नाही.

नावनोंदणीच्या कार्डावर पाचच गोष्टी हव्यात: नाव, फोन, कोणाबरोबर आलात, फोन कधी करावा, कशासाठी प्रार्थना हवी. पहिल्याच भेटीत पत्ता मागितला की लोक खोटा लिहितात. सरकारी कार्यालयांनी आणि वसुलीवाल्यांनी या वस्त्यांना ते शिकवलं आहे. पहिला फोन ४८ तासांच्या आत, आणि करणारी व्यक्ती तीच असावी जी वेदीपाशी त्याच्या शेजारी बसली होती. पाळकाने केलेला फोन मान वाढवतो, पण नातं जोडत नाही. कार्डं ऑफिसच्या खणात पडून राहणं हा सगळ्यात नेहमीचा बिघाड आहे. उपाय साधा. रविवारी रात्री घरी जाण्याआधीच प्रत्येक कार्ड कुणाच्या तरी नावावर द्यायचं, आणि बुधवारच्या बायबल-अभ्यासाला त्याने उभं राहून काय झालं ते सांगायचं.

बाप्तिस्म्याबद्दल एक खबरदारी. मेसन यांच्या परंपरेत बाप्तिस्मा पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने होतो. पेंटेकॉस्टल असेंब्लीज ऑफ द वर्ल्डसारख्या एकत्ववादी (देवात तीन वेगळ्या व्यक्ती न मानणाऱ्या) मंडळ्यांत तो फक्त येशूच्या नावाने होतो आणि दुसऱ्या पद्धतीने आधी झालेला बाप्तिस्मा ग्राह्य धरत नाहीत. दोन रस्ते पलीकडच्या मंडळीतून आलेल्या माणसाला हा फरक पहिल्याच आठवड्यात, व्यासपीठावरून नव्हे तर समोर बसून सांगावा. नंतर कळला तर त्याला आपण फसवलो गेलो असं वाटतं.

ऑगस्टमध्ये शाळेच्या वस्तू, नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणासाठी टर्की, अशा वाटपाला रांगा लागतात आणि फोटो छान येतात. वाटपाबरोबर प्रवचन सक्तीचं केलं की लोक ते ऐकून घेतात, पिशवी घेतात आणि पुन्हा दिसत नाहीत. वाटप विनाअट ठेवावं, रांगेत उभ्या माणसांशी बोलायला मात्र दहा जण मोकळे ठेवावेत. त्यापेक्षा मुलांचं काम जास्त टिकतं. दर शनिवारी ठरल्या वेळी दार उघडलं की चौथ्या-पाचव्या शनिवारी आया येऊन विचारतात, तुम्ही कोण? इथे नियम कडक हवेत. प्रत्येक कार्यकर्त्याची पार्श्वभूमी-तपासणी झालेली हवी, मुलांबरोबर कधीही दोन प्रौढांपेक्षा कमी नकोत, आणि यातून पाळकाच्या भाच्यालाही सूट नको.

मुलं आणायला व्हॅन लागते. चालकासह १५ आसनांच्या व्हॅनला साधा परवाना सहसा पुरतो. १६ आसनं झाली की व्यावसायिक परवाना लागतो. पण १५ आसनी व्हॅनमध्ये दहा किंवा जास्त माणसं बसली की ती उलटण्याचा धोका झपाट्याने वाढतो, असं तिथली वाहतूक-सुरक्षा यंत्रणा वर्षानुवर्षं बजावते आहे. तेव्हा पुढच्या रांगा आधी भराव्यात, टपावर ड्रम्स किंवा खुर्च्या बांधू नयेत, टायरमधली हवा दर आठवड्याला तपासावी, आणि आठवडाभर उन्हात उभ्या व्हॅनचे टायर वरून चांगले दिसले तरी जुने झाले की बदलावेत. पट्टा लावल्याशिवाय गाडी हलणार नाही. मुलं जास्त झाली तर दोन फेऱ्या कराव्यात. दुसऱ्या फेरीच्या मुलांना थांबावं लागतं, म्हणून त्यांच्याजवळ एक मदर आणि खंजिऱ्यांची टोपली आधीच पोचलेली असावी.