खिडकीतली टोमॅटोची रोपे

काल हळदीकुंकवाला आलेल्या वन्स निघता निघता खिडकीपाशी थांबल्या आणि टोमॅटोच्या रोपांकडे पाहून म्हणाल्या, "अगबाई, किती भराभर वाढली ही! हात चांगला आहे हो तुझा." मी हसले, त्यांच्या हातात वाण ठेवले आणि दारापर्यंत पोहोचवून आले. मनातून मात्र ते वाक्य जाईना. त्यात लागण्यासारखे काहीच नव्हते. वन्सांच्या तोंडून मोकळे कौतुक निघणे ही तशी रोजची गोष्टही नव्हे. तरीही रात्री चांदीच्या वाट्या पुसून ठेवताना मला पुन्हा पुन्हा वाटत राहिले की ही रोपे वाढलेली नाहीत, आणि हे मी त्यांना सांगायला हवे होते.

आज सकाळी ट्रे ओट्यावर आणून नीट पाहिला. दोन बोटांच्या उंचीवर यायला हवी होती ती पहिली खरी पाने पाच-सहा बोटांवर आली आहेत. खालचा दांडा फिकट आणि इतका बारीक आहे की पाणी घातले की थेंबांच्या भाराने रोप कुशीवर पडते. एकाच्या बीजपत्राच्या, म्हणजे बियातून सर्वात आधी निघालेल्या पानाच्या, टोकाला बियाचे टरफल अजून चिकटलेले आहे. सगळ्यांच्या माना काचेकडे वळलेल्या. ट्रे फिरवून ठेवला तरी त्या पुन्हा काचेकडेच वळतात.

वनस्पतिशास्त्रात याचे कारण स्पष्ट आहे. फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य उजेड किती आणि कसा मिळतो आहे हे ओळखते. तो अपुरा पडला की ऑक्झिनसारखी संप्रेरके खोडाला लांबवू लागतात आणि मुळांच्या, पानांच्या, खोडाच्या जाडीच्या वाट्याचे अन्न उंचीवर खर्च होते. या उंचीत नव्या पेशींचा वाटा थोडाच असतो. बहुतेक करून आहेत त्याच पेशी ताणल्या जातात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्येच गवताच्या कोंबांवर प्रयोग करून दाखवले होते की उजेड कोणीकडून येतो हे कोंबाच्या टोकाला कळते आणि वाक मात्र त्याच्या खालच्या भागात पडतो. एवढ्याशा रोपात इतकी ओढाताण चाललेली असते, आणि पाहणाऱ्याला ती भरभराट वाटते. मला त्रास होतो आहे तो नेमका याचाच. दिवाळीनंतर मला भेटणारी प्रत्येक बाई म्हणत होती, "किती बारीक झालीस, छान दिसतेस." माई गेल्यानंतरचे ते दिवस. असो.

उजेडाचे म्हणाल तर तो या घरातून हळूहळू काढून घेतला गेला आहे. ही खिडकी दक्षिणेची, आणि नानांनी हे घर पसंत केले ते त्या उन्हासाठीच. आपले ग्वाल्हेर सुमारे २६ अक्षांशावर, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४० अंश वर येतो. समोर चार मजली इमारत उभी राहिल्यावर हिवाळ्यातले ऊन आमच्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यात जानेवारीचे धुके. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात कित्येक सकाळी समोरचा दिवाही दिसत नाही. बाहेर ठेवावीत तर थंडीने करपतील, आत ठेवावीत तर अशी लांबतील. सकाळी ट्रेसमोर उभी असताना वाटले की मी सांभाळायला घेतलेल्या प्रत्येकाला माझ्याकडून थोडा कमीच उजेड मिळतो. हे वाटणे न्याय्य नाही हे मला कळते, तरी ते वाटले, म्हणून लिहून ठेवते.

नर्सरीवाल्या दादांना विचारले तर ते म्हणाले, "काकीजी, इन्हें फेंक दो, तैयार पौध ले जाओ." त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, पण मला ते पटले नाही, आणि ते केवळ मायेपोटी नव्हे. दांड्यावरून बोट फिरवले तेव्हा पांढऱ्या लवेखाली, बुडाशी, बारीक बारीक फुगवटे लागले. बोटाला तो हिरवट पिवळा डाग आणि टोमॅटोच्या पानाचा उग्र वास बराच वेळ राहिला. ते फुगवटे म्हणजे मुळांच्या जागा. टोमॅटोच्या खोडाला जिथे ओलसर माती लागते तिथे मुळे फुटतात. मिरचीच्या बाबतीत याचा एवढा भरवसा नसतो. म्हणून टोमॅटोचे लांबलेले रोप बीजपत्रांपर्यंत खोल लावायचे, आणि फारच लांब असेल तर उथळ चरात आडवे निजवून फक्त शेंडा बाहेर ठेवायचा. तो आपोआप वर वळतो. जी लांबी मला काल दिवसभर सलत होती, ती मातीखाली गेली की कामाची आहे. हे वाचून मला जे समाधान वाटले ते रोपांपुरतेच होते, आणि आज मला तेवढे पुरेसे आहे.

तोपर्यंत एलईडी ट्यूब शेंड्यांपासून वीतभराच्या आत आणून रोज चौदा-पंधरा तास चालू ठेवायची. छताजवळची ट्यूब आपल्या डोळ्यांना लख्ख वाटते, पण बाहेरच्या उन्हापुढे तो उजेड फारच थोडा असतो. पाणी बेताचे, नाहीतर बुडाशी कुजून रोपे कोलमडतात. दिवसातून दोनदा शेंड्यांवरून तळवा हलकेच फिरवायचा; वाऱ्याने हलणाऱ्या झाडाप्रमाणे अशा स्पर्शानेही खोड आखूड आणि जाड होते. आज संध्याकाळी तो फिरवला, तेव्हा एकही रोप मोडले नाही.

नव्याने बी पेरायला आता वेळही नाही. एप्रिलमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो आणि पस्तीसच्या वर गेला की टोमॅटोची फुले फळ न धरता गळू लागतात. म्हणजे कडाका ओसरताच, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, रोपे कुंड्यांत गेली पाहिजेत, आणि त्याआधी आठवडाभर रोज थोडा थोडा वेळ त्यांना गच्चीवरच्या उन्हावाऱ्याची सवय करायला हवी. उद्या चाळलेली माती आणि शेणखत कालवून ठेवते. गच्चीच्या किल्लीसाठी मात्र खालच्या भाऊजींना आजच सांगायला हवे.